समजा, दहा गाड्या आहेत

सांडू रामकिसन गाडेकर यांना सी येते का, हा प्रश्न वीस वर्षांत त्यांना कुणी विचारला नाही. सी म्हणजे संगणकाला काम सांगायची एक भाषा, आणि सर ती शिकवत होते. शिकवणाऱ्याला विषय येतच असणार, असं धरून चालायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मोडावी असं सरांनाही कधी वाटलं नाही.

त्यांचा क्लास टी.व्ही. सेंटरला, फरसाणाच्या दुकानावर, बाहेरून लोखंडी जिना असलेल्या खोलीत. सुरू केला तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत, आणि कॉम्प्युटरच्या खोलीत लोक चपला बाहेर काढून जात. आधीची दोन लेकरं वाचली नाहीत म्हणून आई सारजाबाईंनी तिसऱ्याचं नाव सांडू ठेवलं होतं, म्हणजे टाकून दिलेलं, कुणाची नजर लागायला नको. फुलंब्रीत ते चाललं. शहरात बोर्डावर 'एस. आर. गाडेकर सर' आलं.

बोर्ड रंगवायला रोशन गेटचा एक पेंटर आला होता. शेजारीच इंग्रजी बोलण्याचा क्लास होता, त्याच्या बोर्डावर 'तीन महिन्यांत अस्खलित' असं लिहिलेलं. तोही त्यानंच रंगवलेला.

"सर, तुमकू कित्ता डालूं?" त्यानं शिडीवरून विचारलं.

सरांनी शेजारी बघितलं. "तेवढाच टाक."

एक भाषा अस्खलित यायला किती काळ लागतो, याचा औरंगाबादेतला निर्णय असा झाला. पुढे कित्येक पालक जिना चढून आले, सगळ्यांनी "किती दिवसांत येतं?" असंच विचारलं, आणि सरांनी दर वेळी बोर्डाकडे बोट दाखवलं. छापलेलं असलं की माणसाचं समाधान होतं. सरांचंही झालं.

बॅच तीस पोरांची सुरू व्हायची. पहिले काही धडे सोपे. नाव छापा, दोन आकडे मिळवा, मोठा कुठला ते सांगा. कॉम्प्युटर चार, त्यातला एक कायम उघडून ठेवलेला, आणि वीज जायची वेळ नेमकी दुपारच्या बॅचची. म्हणून पोरं प्रोग्राम वहीतच लिहीत आणि सर तो फळ्यावर तोंडानं चालवून दाखवत. "आता बघा मुलांनो, समजा दहा विद्यार्थी आहेत. पहिल्याचे मार्क घेतले. दुसऱ्याचे घेतले." दहाच का, तर फळ्यावर दहाच ओळी मावत. पोरांना ते कळायचं, सरांना शिकवायला आवडायचं, आणि मग पुस्तकाच्या मध्यावर पॉइंटर नावाचा धडा यायचा, कॉम्प्युटरात कुठली गोष्ट कुठं ठेवलीय त्याचा पत्ता सांभाळायचा.

तिथं बॅच संपायची. कुणाची परीक्षा, कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाच्या शेतात मका सोंगायला आलेला. चार-दोन पोरं उरायची, त्यांच्यासाठी पंखा लावणं परवडायचं नाही, आणि तोवर नवीन तीसजण जिन्यात उभे असायचे. सर पुस्तक मिटून पुन्हा पहिलं पान काढायचे. फुलंब्रीची एसटी फुलंब्रीला जाते आणि परत येते. तिच्या ड्रायव्हरला पुढचा अजिंठ्यापर्यंतचा सगळा घाट पाठ आहे असं कुणी म्हणत नाही. सरांच्या बाबतीत मात्र सगळे म्हणत, आणि हळूहळू सरही म्हणायला लागले.

नाही म्हणायला एकदा वडिलांनी विषय काढला होता. रामकिसन गाडेकर शेतकरी माणूस, क्लास बघायला म्हणून फुलंब्रीहून आलेले. खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून त्यांनी पूर्ण तास ऐकला.

"हे पोरायला किती दिवसात येतं म्हणला?"

"तीन महिने, दादा."

"मला उर्दू यायला चार वर्सं लागली," म्हातारा म्हणाला. "निजामाची शाळा. मास्तर छडीनं शिकवायचा. चौथ्या वर्सी कुठं मनातल्या मनात वाचता यायला लागलं, तोंड न हलवता. अन् मग पोलीस ॲक्शन झाली. सगळे कागद मराठीत."

"मग?"

"मग काय. आली, अन् घेऊन बसलो."

सरांनी हसून चहा मागवला. म्हाताऱ्याची गोष्ट उर्दूची आहे, असं त्यांना वाटलं.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. शेजारचा इंग्रजीचा क्लास बंद पडून तिथं मोबाईल रिपेरिंग आलं. पोरं फोनवर व्हिडिओ बघून दुसऱ्याच भाषा शिकायला लागली, त्यांची नावं सरांना फक्त ऐकून माहीत. बॅच तीसची बाराची झाली, बाराची चारची. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, त्या दिवशी सर सकाळची बॅच ठेवत नसत. शेवटी शेवटी पाण्याचा दिवस नसला तरी सकाळची बॅच नसायची. आशाबाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, क्लासच्या मागच्या अर्ध्या खोलीत शिलाई मशीन आणून टाकली आणि ब्लाउज शिवायला सुरुवात केली. आशाबाईंकडे गिऱ्हाईक जास्त होतं, पण ही गोष्ट दोघांपैकी कुणी बोलून दाखवली नाही.

अशात एका पावसाळ्यात मल्हारी आला.

मल्हारी अजिंठ्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला. दहा-बारा वर्षांपूर्वी सरांच्या एका बॅचमध्ये होता आणि रीतीप्रमाणे पॉइंटरला गळाला होता. त्याचा बाप, आप्पा, मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरला होता आणि घरी माणूस नव्हतं. नंतर तो पुण्यात बरीच वर्षं राहिला. आता चितेगावला, पैठण रोडवर, पशुखाद्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होता. विभागात तो आणि एक पंखा.

"सर, आमच्या काट्यासाठी प्रोग्राम पाहिजे," तो म्हणाला. "मालक पुण्याहून तयार आणायला निघालेत. मी म्हणलो थांबा, माझे सर आहेत. ते लिहून देतील."

काम ऐकायला साधं होतं. मक्यानं भरलेली गाडी येते, वजनकाट्यावर उभी राहते, काट्यावरचा माणूस वजन कॉम्प्युटरमध्ये टाकतो. गाडी आत जाते, माल ओतते, रिकामी होऊन परत काट्यावर येते. भरल्या वजनातून रिकामं वजा केलं की माल कळतो, आणि तेव्हाच पावती निघते. मधल्या वेळात कुठल्या गाड्या आत आहेत आणि त्यांची भरली वजनं किती, एवढं कॉम्प्युटरनं लक्षात ठेवायचं.

"हंगाम नीट निघाला तर मालक तुम्हाला कायम घेतील. मी बोललोय."

सरांनी विचारलं, "मल्हारी, तू तर मधेच गेलास. तुला कधी यायला लागलं रे हे?"

"कधी ते नाय सांगता येत. पुण्यात एकदा बाथरूममध्ये जाऊन रडलो. त्याच्यानंतर असंल दोन-तीन वर्सांनी." तो हसला. "तुमच्यावानी थोडंच, सर."

सर त्या दिवशी जिना उतरून मल्हारीला सोडायला खाली गेले. पालकांना सोडायला ते कधी जात नसत. नोकरीची ओढ होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की आजवर त्यांनी लिहिलेला एकही प्रोग्राम कुणी वापरला नव्हता. दहा मुलांची सरासरी काढणारे शेकडो प्रोग्राम त्यांनी लिहिले. त्यातलं एकही मूल कधी अस्तित्वात नव्हतं. या गाड्या खऱ्या येणार होत्या. येतं की नाही, ते आता कळणार होतं, आणि हे कळायची वेळ आली नसती तर बरं, असं काहीतरी त्यांच्या मनात जिना चढताना आलं.

प्रोग्राम लिहायला श्रावण आणि भाद्रपद गेला. सर बोलत बोलत लिहीत. मागून मशीनवर आशाबाईंना सगळं ऐकू यायचं: "आता बघा मुलांनो, गाडीचा नंबर घेतला. आता वजन घेतलं."

"पोरं नाहीत समोर," त्या एकदा म्हणाल्या.

"सवय आहे."

"गाडीला पण मुलांनो म्हणता का?"

प्रोग्राम झाला. सरांनी तो तपासला. खोटे नंबर, खोटी वजनं, पहिल्यापासून दहाव्या गाडीपर्यंत सगळं टाकून बघितलं. बरोबर चालला. मल्हारीनं पडद्यावर दोन-तीन गाड्या आत-बाहेर करून बघितल्या आणि समाधानानं मान हलवली. आतला मजकूर त्यानं वाचला नाही. सरांचा प्रोग्राम वाचून तपासणं त्याला उद्धटपणाचं वाटलं असावं.

दिवाळीनंतर मका सुरू झाला. सर रोज सकाळी पैठणची एसटी धरून चितेगावला उतरायचे आणि काट्याच्या केबिनमध्ये एका स्टुलावर बसायचे. काट्यावर कडुबा नावाचा माणूस होता. तो दोन बोटांनी टाईप करायचा आणि प्रत्येक पावती निघाली की सरांकडे बघून म्हणायचा, "निघाली बरं का." जसं काही दर वेळी निघेल याची त्याला खात्री नव्हती. सरांना मात्र प्रत्येक पावतीला आत काहीतरी हलकं झाल्यासारखं व्हायचं. त्या दिवसांत ते घरी गेल्यावर जेवताना बोलत. आशाबाईंनी त्यांच्यासाठी एक शर्ट शिवला, कारखान्यात जाण्यासारखा.

मग एका सकाळी आत माल उचलणारा पट्टा तुटला.

गाड्या आत जात राहिल्या, बाहेर येईनात. सगळ्यांत आधी पहाटे आलेला ट्रॅक्टर फुलंब्रीकडच्या चतुराबाईंचा होता. त्यांचा मका पट्टा तुटायच्या आधी ढिगावर पडला होता, पण मागं गाड्यांची एवढी दाटी झाली की रिकामी ट्रॉली काढायला जागा नव्हती. कडुबा आपला एकेक गाडी आत घेत होता. एरवी आवारात सहा-सात गाड्या असत. त्या दिवशी दहा झाल्या, आणि कडुबानं अकरावीचा नंबर टाकला.

सरांनी प्रोग्रामात दहा गाड्यांचीच घरं बांधली होती. दुसरा आकडा त्यांना सुचलाच नव्हता. वीस वर्षांत फळ्यावर दहाच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. आणि सी ही भाषा अशी, की जागा संपली म्हणून ती ओरडत नाही. अकराव्या गाडीचं वजन तिनं मुकाट्यानं शेजारच्या घरात नेऊन ठेवलं. वजनांची दहा घरं संपली की तिथून नंबरांची सुरू होत, आणि त्या घरात पहिल्या गाडीचा नंबर राहत होता. तो गेला. बाराव्या आणि तेराव्या गाडीनं आणखी दोघांचा घालवला.

दुपारी वाट मोकळी झाल्यावर चतुराबाईंची रिकामी ट्रॉली काट्यावर आली. ट्रॅक्टर त्यांचा पुतण्या चालवत होता, त्या मडगार्डवर बसलेल्या. कडुबानं नंबर टाकला. पडद्यावर आलं: अशी गाडी आत नाही.

त्यानं पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"सर," कडुबा हळूच म्हणाला, "हे म्हणतंय आलीच नाय."

"कोण म्हणतं?" चतुराबाई खिडकीशी आल्या. "पहाटंचं तुम्हीच घेतलं ना वजन? ह्याच हातानं?"

"घेतलं मावशे. पण ह्याच्यात नाय दिसत."

"किती भरलं व्हतं?"

कडुबाला आठवेना. त्याच्यावर आठवायची वेळ येऊ नये म्हणूनच तर प्रोग्राम लिहिला होता. मका ढिगात मिसळलेला, ट्रॉली रिकामी, आणि मधला आकडा जगात कुठंच नाही. सर स्टुलावरून उठले. त्यांना एव्हाना कळलं होतं. तोंडातून मात्र सवयीनं जे यायचं तेच आलं.

"बाई, त्याचं काय झालं, समजा दहा गाड्या आहेत—"

"समजा कशाला?" चतुराबाई म्हणाल्या. "मोजा की. ह्या काय उभ्या हायेत."

मागं रांगेत कुणीतरी हसलं. त्यानंतर आणखी दोन गाड्या 'आलीच नाही' म्हणून निघाल्या, आणि काट्याभोवती माणसं जमली. मल्हारी पळत आला. त्यानं पहिल्यांदाच प्रोग्राम उघडून वाचला, उभ्या उभ्याच. फार वेळ लागला नाही. वाचून झाल्यावर त्यानं सरांकडे बघायचं टाळलं, आणि ते टाळणं सरांना चतुराबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या तीन गाड्यांना इतर ट्रॉल्यांचा अंदाज काढून तेवढं वजन धरायचं ठरलं. "आमची ट्रॉली काठोकाठ व्हती," असं चतुराबाई शेवटपर्यंत म्हणत होत्या, आणि ती होती की नव्हती हे सांगणारं कुणी नव्हतं. त्या पावती घेऊन गेल्या. पुढच्या खेपेला त्यांचा मका दुसरीकडे गेला.

मालकांनी त्याच आठवड्यात पुण्याहून तयार सॉफ्टवेअर मागवलं. मल्हारीला केबिनमध्ये बोलावून काय म्हणाले ते त्यानं सांगितलं नाही. कायम घेण्याचा विषय कुणी बंद केला नाही. तो नुसता निघेनासा झाला.

सरांनी आशाबाईंना एवढंच सांगितलं, की आता चितेगावला जायचं नाही.

"प्रोग्राम चुकला?"

"हो."

"दुरुस्त होत नाही का?"

"होतो. पण मला नाही येत."

हे वाक्य त्यांनी तोवर कधी उच्चारलं नव्हतं. आशाबाईंनी मशीनच्या सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "मग शिका. क्लास तर रिकामाच आहे."

त्यांनी ते सहज म्हटलं, कदाचित थोडं टोचूनही. पण दुसऱ्या दिवशी सरांनी पुस्तक काढलं आणि पॉइंटरचा धडा उघडला. पहिली अर्धी पानं खडूनं पांढुरकी, कडा कुरतडलेल्या. तिथून पुढं कागद कोरा करकरीत, दोन पानं एकमेकांना चिकटलेली. सरांनी ती नखानं सोडवली. काही दिवस त्यांना एक ओळ कळली नाही. समोर पोरं नाहीत, त्यामुळे कळल्यासारखं दाखवायचीही सोय नाही. ते चिडले, मग पुस्तक फेकलं, मग उचलून आणलं. पौष गेला, माघ गेला. येतील तेवढ्या गाड्यांना जागा लागेल तशी मागून घ्यायची आणि गाडी गेली की परत करायची, हे एवढंच करायचं होतं. त्यासाठी पुस्तकाचं पूर्ण दुसरं अर्धं लागलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी आशाबाई मशीन थांबवून खोलीच्या पुढच्या अर्ध्यात आल्या.

"झोपलात का काय?"

"नाही. का?"

"आवाज नाही म्हणून."

सरांच्या लक्षात आलं, की ते सकाळपासून लिहीत होते आणि तोंडानं काही बोलले नव्हते. मुलांना समजावून सांगायचं राहूनच गेलं होतं. पडद्यावर जे लिहिलं होतं ते त्यांनी परत वाचलं. मधे कुठं अडलं नाही. त्यांनी चाळीस गाड्या आत घेतल्या, मग दोनशे. शेवटच्या आधी पहिली बाहेर काढली, मधल्याच काढल्या. सगळ्यांची वजनं जागच्या जागी. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि खाली जाऊन पायरीवर बसले. सांगितलं तर कळेल असं कुणी जवळपास नव्हतं. फरसाणवाल्याला सांगून त्याला काय कळणार होतं.

मे महिन्यात मल्हारी आला. बरेच महिने न आल्याची त्याला लाज वाटत होती, ती त्यानं आंब्याच्या पिशवीत आणली होती. सरांनी त्याला खुर्ची दिली आणि प्रोग्राम उघडून दिला. "वाच. नीट वाच."

या वेळी मल्हारीनं बसून वाचला. मधे एका जागी थांबला, मागं गेला, पुन्हा पुढं आला. सर त्याच्या पाठीमागं उभे होते. एखाद्या पोराचा पेपर तपासला जाताना पोर उभं राहतं तसे.

"सर," शेवटी तो म्हणाला, "ह्याच्यात मला काय काढता नाय येत. चांगलंय. पुण्यात आमच्या टीमला असं लिहिणारा एकच होता."

"मग चालेल का काट्यावर?"

मल्हारीनं पिशवीतले आंबे उगाच वर-खाली केले.

"ते पुण्याचं बसलं ना सर आता. तीन वर्सांचा करार हाय त्यांच्याशी. आणि सीमध्ये आता कुणी..." तो थांबला. "मी दुसऱ्याच कामासाठी आलोय. नवीन सॉफ्टवेअर लोकांना जमंना. कडुबा तर हातच लावत नाय. काट्यावर माणसं सारखी बदलतात, प्रत्येकाला पहिल्यापासून शिकवावं लागतं. मालकांना मी म्हणलो, शिकवायला आमच्या सरांसारखं कुणी नाय. मालक व्हय म्हणले. कायम घेतील."

मागं मशीन थांबली होती.

"त्याच्या आतलं बघायला मिळतं का?" सरांनी विचारलं. "कसं लिहिलंय ते?"

"नाय सर. ते कंपनीचं असतं. आपण बटणं दाबायची."

सरांनी पडद्याकडे एकदा बघितलं. "कधीपासून येऊ?" ते म्हणाले.

जूनमध्ये त्यांनी क्लासची पुढची अर्धी खोलीही आशाबाईंना मोकळी करून दिली. चितेगावला त्यांना केबिनमध्ये स्टुलाऐवजी खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी कडुबा आणि दोन नवीन माणसं समोर बसली. पडदा रंगीत होता, अक्षरं मोठी, खाली हिरवं आणि लाल अशी दोन बटणं.

"सर," कडुबानं विचारलं, "लई गाड्या आल्या तर हे बी चुकंल का?"

सरांना त्याचं उत्तर देता आलं असतं. कुठं बघायचं, काय वाचायचं, चुकणार असेल तर कुठं चुकेल, हे सगळं त्यांना आता ठाऊक होतं. फक्त बघायला काही नव्हतं.

"आतलं दिसत नाही, कडुबा."

"तुम्हाला बी नाय?"

"मला बी नाय," सर म्हणाले, आणि त्याचं बोट धरून हिरव्या बटणावर ठेवलं.